लाल चिमटा, डावा हात

लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या पायाला. ईसीजी मशीनचे हे चार चिमटे. एकोणिसाव्या वर्षी पाठ केले आणि आजही झोपेतून उठवून विचारलंत तर घडाघडा सांगेन. छातीला लावायचा रबरी फुग्याचा पेला वेगळा. तो एकच असायचा आणि सहा जागी फिरवायचा. या कामाला काही अक्कल लागते असं आमच्या बोनकोडे गावात कुणाला वाटायचं नाही. "मानसांची मनगटं धरते नि पगार घेते," असं माझी एक चुलती चारचौघींत म्हणायची. मी तिला सांगायचे, काकी, तुझं मनगट कुणी फुकटसुद्धा धरणार नाही. मग ती महिनाभर बोलायची नाही. तेवढीच शांतता.

आमची भातशेती होती, खाडीला लागून. सत्तरच्या दशकात नवं शहर बसवायला सरकारनं ती घेतली. कांदा-बटाट्याचं मार्केट मुंबईहून वाशीला आलं तेव्हा बाबा तिथल्या एका गेटवर वॉचमन म्हणून लागले. ज्या माणसानं जन्मभर खाडीचं पाणी अडवायला खाजणाचे बांध घातले, तो आता खाकी शर्ट घालून ट्रक मोजत उभा राहायचा. मी खाडीपलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ट्रेनिंग घेऊन तिथंच टेक्निशियन झाले. रोज बसनं पूल ओलांडायचा, संध्याकाळी परत. आल्यावर वाशीच्या एका डॉक्टरांचं पोर्टेबल मशीन घेऊन घरोघरी ईसीजी काढायला जायचं. लग्न जमत नव्हतं म्हणून आई काळजी करायची. मला वेळ कुठं होता?

बाबांना पहिला अटॅक मार्केटच्या गेटवर आला. त्यांना वाटलं गॅस झाला. कांद्याच्या गोणीवर बसून त्यांनी दोन बाटल्या सोडा प्यायला, शिफ्ट संपवली आणि मग घरी आले. दुसऱ्या दिवशी मी बघितलं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. वाचले, पण हृदयाचा एक तुकडा मेला. मेल्या मांसाचा डाग राहतो, भाजल्यावर कातडीला राहतो तसा. चारेक वर्षं त्या डागानं काही त्रास दिला नाही. मग झटके सुरू झाले.

झटका म्हणजे अटॅक नव्हे. डागाच्या कडेला थोडं जिवंत मांस अडकलेलं असतं, त्यातून वीज गोल गोल फिरायला लागली की हृदय सुटतं. मिनिटाला पावणेदोनशे ठोके. रक्त भरायलाच वेळ मिळत नाही, माणूस पांढराफटक पडतो. कधी आपोआप थांबतं, कधी नाही. ज्या दिवशी थांबणार नाही त्या दिवशी बाबा जाणार, हे घरात फक्त मला माहीत होतं. गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी भागत नव्हतं.

एका रविवारी दुपारी बाबा मच्छी-भात जेवून भिंतीकडच्या खाटेवर आडवे झाले आणि म्हणाले, "बाय, छातीत काय तरी पलतंय." मी मनगट धरलं. नाडी मोजताच येईना. शेजाऱ्याला स्कूटरवर वाशीच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. आणि मग आठवलं, मशीन घरातच आहे. आदल्या संध्याकाळी एका म्हातारीचा ईसीजी काढला होता, मशीन सोमवारी परत द्यायचं होतं.

मी मशीन खाटेशेजारी आणलं. बाबांचा उजवा हात माझ्याकडे होता. हॉस्पिटलात असंच असतं, आम्ही कायम पेशंटच्या उजव्या बाजूला उभ्या. मी लाल चिमटा उचलला आणि आई किंचाळली. "पाय बग त्यांचे! यमाच्या दिशेला पाय हायत!" खरंच दक्षिणेला होते. घाबराघुबरा माणूस कसाही पडतो, दिशा बघून पडतो का? मी म्हटलं, आई, आता गप्प बस. पण आईनं ऐकलं नाही. तिनं बाबांना खांद्याला धरून उठवलं, फिरवलं आणि उत्तरेला पाय करून परत झोपवलं. वाद घालण्यापेक्षा मीही हात लावला. मग चिमटे लावले. लाल जवळच्या मनगटाला, पिवळा पलीकडच्या. हात आपोआप चालत होते, डोकं ठोके मोजत होतं.

बारा लीड काढल्या. लीड म्हणजे हृदयाकडे बघायच्या बारा खिडक्या म्हणा, सहा हातापायांच्या, सहा छातीच्या. त्या मशीनवर एका वेळी एकच निघायची. बाबा घामानं भिजले होते, पण शुद्धीवर होते आणि माझ्याकडे बघत होते. डॉक्टर आले, शिरेतून इंजेक्शन दिलं, लय मोडली. हृदय परत ठिकाणावर आलं. माझा जीव भांड्यात पडला. नंतर दवाखान्यात नेऊन साध्या लयीचा ईसीजी काढला, तो ठीक आला.

त्या संध्याकाळी मी पट्ट्या कापून कार्डावर चिकटवल्या. तेव्हा तशीच पद्धत होती. लांबच लांब कागद निघायचा, त्यातला प्रत्येक लीडचा तुकडा कात्रीनं कापायचा, गोंद लावून कार्डावर बसवायचा आणि शेजारी नाव लिहायचं. माझी कार्डं नेहमीच नीटनेटकी असायची. हे तर मी पट्टीनं रेघा मारून केलं.

आमच्या विभागाचे सर नवं काम शिकून आले होते. अशा डागवाल्या हृदयात झटका नेमका कुठून निघतो ते शोधायचं आणि ती जागा जाळायची. त्यांनी ते कार्ड बघितलं आणि विचारलं, कुणी काढलं? मी म्हटलं, मीच. सरांनी दोन ज्युनिअर डॉक्टरांना हाक मारली. "हे बघा. बाप मरणाच्या दारात आहे आणि ही बारा लीड काढते. एक रेघ हललेली नाही. तुम्ही सुखात असताना काढता त्यापेक्षा बरी." मी खाली बघत होते, पण दोन दिवस माझे पाय जमिनीला लागले नाहीत. खोटं कशाला बोलू? बाप आजारी होता आणि मी खूश होते.

सर बाबांना समजावायला वॉर्डात आले, मी शेजारी उभी होते. मांडीच्या रक्तवाहिनीतून एक वायर हृदयात न्यायची. तिचं टोक आतल्या भिंतीला एका जागी टेकवायचं आणि तिथून बारीक करंट देऊन हृदय चालवायचं. याला पेसिंग म्हणतात. ठोका जिथून सुरू होतो त्याप्रमाणे कागदावरचा आकार बदलतो. मग तो कागद आणि खऱ्या झटक्याचं कार्ड शेजारी शेजारी धरायचं. बाराच्या बारा आकार जुळले की समजायचं, झटका इथूनच बाहेर पडतो. नाही जुळले तर वायर सरकवायची, परत पेसिंग, परत कागद. जागा सापडली की पेशंटला झोपवून त्याच वायरीतून मोठा शॉक द्यायचा.

बाबा ऐकत होते. सर गेल्यावर मला म्हणाले, "म्हंजे बांधाला खेकऱ्याचं बील सोधायचं. पानी कुठून भायेर येतंय ते बगायचं नि तिथं पाय दाबायचा. मना ठाव हाय." मी म्हटलं, हो, तसंच. सरांनी मला बाहेर बोलावून आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती बाबांना सांगितली नाही. शॉकनं चांगलं मांसही थोडं जळतं. बाबांचं हृदय आधीच अर्धं. चुकीच्या जागी शॉक गेला तर फायदा शून्य, नुकसान मात्र पुरेपूर. "म्हणून तुझं कार्ड महत्त्वाचं," सर म्हणाले.

त्या दिवशी लॅबमध्ये मीच मशीनवर होते. दुसरा टेक्निशियन गावी लग्नाला गेला होता. सर म्हणाले, तू बाहेर बस, कुणाला तरी बसवतो. मी म्हटलं, सर, माझ्याशिवाय कोण आहे? त्यांनी जरा विचार केला आणि मान हलवली. तिथलं मशीन मोठं होतं, एका वेळी सगळ्या लीड काढायचं. माझं कार्ड सरांनी मशीनच्या वर चिकटपट्टीनं लावून ठेवलं.

पहिल्यांदा त्यांनी झटका मुद्दाम उठवून बघितला, म्हणजे ताजा कागद मिळाला असता. पण घरी ज्या माणसानं झटका पाऊण तास सोसला, त्याला त्या टेबलावर पाऊण मिनिटही सोसवला नाही. बाबांचं प्रेशर गेलं, डोळे फिरले. मी कागद नीट सोडायच्या आत सरांना छातीवर शॉक देऊन लय मोडावी लागली. हातात आले ते दोन-तीन ठोके, तेही गिचमीड. सर म्हणाले, परत उठवायचा नाही, झेपणार नाही. कार्डावरच काम करू.

मग पेसिंग सुरू झालं. सर जागेचा नंबर सांगायचे, मी कागद सोडायचे, फाडून त्यांना द्यायचे. बाबा जागे होते. एक, दोन, तीन. काहीच जुळेना. चार, पाच, सहा. सातव्या जागेचा कागद मी फाडला आणि सर खुर्चीतून पुढं सरकले. छातीच्या सहाच्या सहा लीड कार्डाशी हुबेहूब. एकावर एक ठेवल्या असत्या तर एकच रेघ दिसली असती. पण हातापायांच्या सहांपैकी एकच जुळत होती. "असं कसं?" सर म्हणाले. कार्डाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नाही, जवळपास आहे पण ही नव्हे. पुढं."

मीही बघत होते. पहिली लीड कार्डावर खाली जात होती, कागदावर वर. तंतोतंत उलटी. कार्डावरची दुसरी कागदावर तिसरी होऊन बसली होती आणि तिसरी दुसरी. हे काय असतं, ते आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. दोन्ही हातांचे चिमटे बदलले की असंच होतं. साध्या लयीत ही चूक लगेच डोळ्यांत भरते. झटक्यात सगळंच वेडंवाकडं असतं, म्हणून कुणाला कळली नव्हती. आणि मला खाट दिसली. आई ओरडतेय, बाबा फिरतायत, माझ्यासमोर त्यांचा डावा हात येतोय आणि मी त्याला लाल चिमटा लावतेय. पायांचंही तसंच झालं असणार, पण पायांनी फारसं बिघडत नाही. छातीच्या जागा हाडं चाचपून ठरतात, त्या चुकल्या नव्हत्या.

म्हणजे सातवी जागाच खरी होती. बोलायचं होतं एवढंच. सर, चिमटे उलटे लागलेत. चार शब्द.

मी मूग गिळून बसले. का, ते मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता प्रश्नाला चव उरलेली नाही. तेच दोन ज्युनिअर डॉक्टर मागं उभे होते. त्यांच्यासमोर माझी पाठ थोपटली होती ना! वाटलं, सर हुशार आहेत, त्यांना कळेलच. वाटलं, माझंच चुकत असेल. वाटलं, आता बोलले तर मला बाहेर काढतील आणि मग बाबांजवळ कुणी उरणार नाही. यातलं खरं कारण पहिलं, बाकीची मी नंतर जमवली. हात कागद सोडत होते, फाडत होते, देत होते.

आठ, नऊ, दहा. अकराव्या जागी हातापायांच्या बऱ्याच जुळल्या, छातीच्या तीन. "बारापैकी आठ," सर म्हणाले. घड्याळाकडे बघितलं. "वेळ फार झालाय, पेशंट दमलाय. हीच घेऊ."

तेवढ्यात टेबलावरून बाबांचा आवाज आला. "बाय, मिलालं का बील?"

सगळे हसले. मी म्हटलं, "हो बाबा, मिळालं."

भूल देणाऱ्या बाईंनी इंजेक्शन दिलं. बाबा झोपले. सरांनी वायरीतून शॉक दिला. बाबांचं अंग टेबलावरून वर उचललं गेलं आणि खाली आदळलं. मी वेळ लिहिली.

काम झालं की नाही हे बघायला झटका परत एकदा उठवून बघावाच लागतो. तो उठला, जसाच्या तसा. या वेळी मी तयार होते. सरांनी लय मोडायच्या आधी चार सेकंदांचा कागद हाती आला, सगळ्या लीडचा, चिमटे जिथल्या तिथं. पहिली लीड वर जात होती. आता पुरावा कागदावर होता आणि माझं तोंड उघडलं. "सर, कार्ड उलटं आहे. घरी लाल-पिवळा बदलला गेला. हे बघा. सातवी जागा."

सरांनी कागद घेतला, कार्डाशेजारी धरला. ओरडले नाहीत. म्हणाले, "लाल कुठं लावला होतास?" मी म्हटलं, डाव्या हाताला. त्यांनी मान हलवली आणि वायर परत सातव्या जागी नेली. सगळंच्या सगळं जुळलं, बाराच्या बारा. दुसरा शॉक दिला. मग तीनदा उठवून बघितलं, झटका उठला नाही. हातमोजे काढताना सर सगळ्यांसमोर म्हणाले, "शाब्बास. बरं लक्षात आलं तुझ्या. नाहीतर आपण चुकीच्याच जागी जाळत बसलो असतो."

मला दुसऱ्यांदा शाबासकी मिळाली. मी "थँक यू, सर" म्हटलं.

बाबांना त्यानंतर झटका आला नाही, एकदाही नाही. आई गावभर सांगत सुटली, "मी त्यांचे पाय यमाकडनं फिरवले म्हनून वाचले, नि पोरीनं पट्टी काढली म्हनून." तिचे शब्द मी कधीच दुरुस्त केले नाहीत. पण बाबांना मार्केटच्या गेटपर्यंत चालवेना. दोन महिन्यांत पाय सुजायला लागले. सर म्हणाले, पंप कमी पडतोय, दोन जागा जळल्यात ना. आधीच हृदय अर्धं होतं, एका शॉकनं भागलं असतं तरी हेच झालं असतं कदाचित. पहिल्या शॉकनंच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, मीही नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं म्हणतात. मला ती म्हण तेव्हा रोज आठवायची, भांडी घासताना, बसमध्ये, कुणाच्याही मनगटाला चिमटा लावताना.

एकदा संध्याकाळी ते ओट्यावर उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की दम लागायचा. मी त्यांना चिमट्यांचं सांगितलं. लाल इकडं, पिवळा तिकडं, आईनं फिरवलं आणि माझं चुकलं. बाबा हसले. त्यांचं हसणंही तेव्हा दोन हप्त्यांत यायचं. "मग? चुकी कुनी सोधली?"

"मीच."

"मंग झालं तर. बांधावर पन आसंच. पयलं बील कंदी खरं नसतं."

सांगायचं होतं ते तिथंच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मला स्वतःची किळस आली आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेले. त्या वर्षाच्या शेवटी बाबा गेले, तसेच बसल्या बसल्या. आईनं त्यांना खाली घेतलं आणि या वेळी तिनं स्वतः त्यांचे पाय दक्षिणेला केले.

पुढं काही महिन्यांनी सरांनी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये या कामावर लेक्चर दिलं. शिकणारे डॉक्टर भरून बसले होते. स्लाइडचं मशीन चालवायला मी मागं उभी होते. सर "पुढची" म्हणाले की बटण दाबायचं. एक स्लाइड आली आणि ते माझं कार्ड होतं, रेघा मारलेलं, नीटनेटकं. सरांनी लाल-पिवळ्याची गोष्ट सांगितली. खाट, आई, यमाची दिशा, सगळं. हॉल खो खो हसला. वाईट हेतूनं नाही, गोष्ट हसण्यासारखीच आहे. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "आणि चूक पकडली तीही हिनंच." काही जणांनी टाळ्या वाजवल्या. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, त्यातल्या एकाला तरी दिसतंय.

पुढच्या रांगेतली एक मुलगी हात वर करून उठली. "सर, पण सातव्या जागेच्या कागदावर हे तेव्हाच दिसत होतं की. पहिला शॉक द्यायच्या आधी कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

सर म्हणाले, "माझ्या आलं नाही, ही माझी चूक. हिच्याही आलं नाही. अहो, टेबलावर हिचा सख्खा बाप होता. लक्षात आलं असतं तर ही गप्प बसली असती का?"

सगळा हॉल मागं वळून माझ्याकडे बघून हसला, मायेनं. मुलगी खाली बसली.

"पुढची," सर म्हणाले.

मी बटण दाबलं.